डावं चाक

सोमवार
लागलो एकदाचा कामाला. विमानाच्या चाकांतल्या बेअरिंगना ग्रीस भरायचं. नखं काळी होणार, पण सासुरवाडीत मान ताठ राहील. शिकवणारे मिस्त्री बोलतात कमी, चिडतात जास्त. म्हणाले, ग्रीसमध्ये पाणी शिरलं की ते दुधाळ होतं, पातळ होऊन वाहून जातं. मग बेअरिंग गंजतं, उतरताना चाक अडकतं आणि विमान त्याच बाजूला ओढलं जातं. ओळखायला चिमूटभर ग्रीस तापल्या पत्र्यावर ठेवायचं. तडतडलं की पाणी आहे. इथला आणखी एक नियम म्हणजे ज्याने ग्रीस भरलं, त्याने चाचणीच्या उड्डाणात बसायचं. मी तर हरखूनच गेलो. लेक शेजारीपाजारी सांगून मोकळीसुद्धा झाली.

मंगळवार
एका जुन्या विमानाचं डावं चाक आलं. बेअरिंग धुतलं, वाळवलं, मधासारखं पिवळं ग्रीस तळहाताने दाबून भरलं. मिस्त्रींनी नावं ठेवली नाहीत, म्हणजे शाबासकीच. शुक्रवारी उड्डाण.

बुधवार
सकाळी उघडलं तर ग्रीस ताकासारखं पांढरं. छत गळत नाही, नळ लांब आहे. मिस्त्रींनी माझा उद्धार केला. नवा डबा फोडून पुन्हा भरलं. दुपारी पुन्हा पांढरं. पत्र्यावर तडतडलं आणि मागे मीठ उरलं. इथे जवळपास समुद्र नाही.

गुरुवार
मीठ पाहून मिस्त्रींनी चाकावरचा नंबर पुसून वाचला. म्हणाले, हे चाक समुद्रात पडलेल्या विमानाचं आहे. साहेबांनी घासूनपुसून पुन्हा वापरायला काढलं. त्या विमानात ग्रीस भरणारा म्हणून मिस्त्रींचा धाकटा भाऊ बसला होता. चाक सापडलं, तो नाही.
साहेबांना सांगितलं. ते हसले. बसायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस, म्हणाले. मला भीती वाटते. घरी कोणत्या तोंडाने सांगू?

शुक्रवार, सकाळी
ग्रीस पिवळं आहे! पत्र्यावर चूं नाही. तरी मिस्त्री म्हणाले, पोट दुखतंय म्हण आणि घरी जा. मीच त्यांची समजूत घातली. लेक आईबरोबर कुंपणापाशी आली आहे, धावपट्टीच्या डाव्या अंगाला.

शुक्रवार, विमानात
पाणी गेलं कुठे, हे मी विचारलंच नाही.
बूट ओले झालेत. बोटांच्या पेरांतून पांढरं येतंय — पुसलं, पुन्हा —
वैमानिकाला म्हटलं, उतरवू नका. तो म्हणाला, इंधन संपत आलंय.
शेजारची रिकामी खुर्ची ठिबकतेय. माझ्या मनगटावर गार हात —
चाकं टेकली. खालून तडतड —
डावीकडे वळतंय. कुंपण. ती हात हलवतेय, बाजूला हो, बाळा, बा —