मागच्या पडवीतली चूल

दिवेआगर,
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८५७

तीर्थस्वरूप गं. भा. जाऊबाई यांस,
धाकट्या जावेचा, कोकिळेचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

रूपनारायणाच्या कृपेने इकडे सर्व खुशाल. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. कागद जास्त लागतो, पण लागू दे. हे पत्र कुणाकडून वाचून न घेता तुम्ही स्वतः वाचावं अशी इच्छा आहे. रोज एक पान वाचलंत तरी चालेल.

कपिला व्याली, पाडी झाली. सुपारी उतरवून वाळत घातली आहे. तुमचे बंधू शिवदासदादा यांचं कार्ड पोचलं. मुंबईच्या डॉक्टरांच्या औषधाने डोळ्यांचं पाणी गळणं थांबलं हे वाचून देवापुढे साखर ठेवली. ताई आता कायमची गिरगावातच राहील, तिची ट्रंक पाठवावी, असंही त्यांनी लिहिलं आहे. बोट चुकली म्हणून ट्रंक राहिली, असं यांनी त्यांना कळवलं. बोट चुकलेली नाही. ट्रंक मी पाठवू दिली नाही.

लाकडांचं वर्तमान वाईट आहे. माघापासून पास निम्मा झाला. डोंगर बंद करून जंगलखात्याने चुलीमागे महिन्याला आठ मोळ्या ठरवल्या, त्याला आता दोन वर्षं होतील. माणसं मोजली असती तर बरं झालं असतं. त्यांनी चुली मोजल्या. मग महिन्याभरात गावात एकवीस चुली वाढल्या, माणूस एकही वाढलं नाही. त्या चुलींनी डोंगर बोडका केला. त्यांतली एक आपली.

चावडीवरची नोटीस वाचून मीच आले होते. मागच्या पडवीत दुसरी चूल मांडायची युक्ती माझीच. आठ दिवसांचं नाटक आहे, असं मी म्हटलं होतं. तपासणीला आलेल्या भागोजी शिपायाने राखेत बोट घातलं आणि म्हणाला, "थंड हाय, बाय. ही चूल खोटी." तुम्ही हसून म्हणालात, "उद्या ये रे, खरी करून ठेवते." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तिथे रांधायला बसलात. मोठं स्वयंपाकघर आम्हां चौघांना आणि ठेंगण्या छपराची पडवी तुम्हां एकटीला, हेही मीच ठरवलं. मग तांदूळ वेगळे मापले जाऊ लागले. वाडीत लोक म्हणू लागले, जावा वेगळ्या झाल्या. आपण दोघींनीही कुणाला नाही म्हटलं नाही.

आता निम्म्या पासात भागवायचं म्हणून मी सुपारीच्या काट्यावर लाकडं तोलायला लागले. माझ्या चुलीला दिवसाला चौदा शेर जात. चुलीच्या मागच्या तोंडाचा वैल मी मातीने बुजवला होता, नव्या पितळी डब्यांना जागा हवी म्हणून. तो पुन्हा उघडला. जो जाळ मागून फुकट जात होता, त्याच्यावर आता डाळ शिजते आणि खाली जाळ नसला तरी पाणी कोमट राहतं. शिवाय एका मासिकात वाचून जुन्या पेटाऱ्यात भाताचा पेंढा दाबून भरला. उकळी आलेला भाताचा टोप त्यात ठेवायचा, वरून गोधडी. पूजा आटपून उठेपर्यंत भात तयार, खाली एक काटकी न जाळता. हे म्हणाले, भात आता अंथरुणात शिजतो. आता आठ शेरांत सगळं होतं.

मागच्या चुलीला किती लागतं तेही पाहावं म्हणून तीन दिवस मी पडवीत रांधलं. तुमच्या लाकडांची रास शोधली. लाकूड नव्हतं. कोपऱ्यात नारळाची सोडणं तेवढी होती, ओलसर, छपरापर्यंत; तीच जाळली. गोठा झाडणाऱ्या गोदूला विचारलं, थोरल्या बाईंची लाकडं कोणी नेली? ती म्हणाली, "त्या तर सोडणंच जाळीत. लाकडं पहाटेस तुमच्या राशीवर टाकीत. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. माझी रास संपत नसे आणि मी वहीत लिहीत असे: काटकसरीने शिल्लक.

सोडणांचा धूर पडवीतून बाहेर जात नाही, जाऊबाई. तिसऱ्या दिवशी मला सुईत दोरा ओवता येईना. तुम्ही तिथे दीड वर्ष बसलात.

इथवर दोनदा लिहून दोनदा फाडलं. आता जे आहे ते लिहिते. पहिल्याच दिवाळीत कचेरीचा कागद आला होता. चुलींची नोंद कायम झाली, पुन्हा तपासणी होणार नाही. मागची चूल पेटो न पेटो, पास तोच राहणार होता. तो कागद मी वाचला आणि पोथीत ठेवला. मार्गशीर्षात तुम्ही विचारलंत, "काय मॅट्रिकबाई, नाटक संपलं का? चूल मोडू या?" मी म्हटलं, भागोजी केव्हाही येईल. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. माझं तोंड पाहून तुम्हांला कळलं असावं, असं आता वाटतं.

मला स्वयंपाकघर एकटीचं आवडायला लागलं होतं. आमटीत मीठ किती, हे कुणी सांगत नव्हतं. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. रोज त्याच पोथीला हात जोडत होते, आणि कागद आतच होता.

सदू कुंभाराकडून मातीचे तीन नळे करवून पुढच्या चुलीचा धूर छपरावर काढला आहे. आत खोकला येत नाही. शेजारची काशी म्हणते, तुमच्या घराची आगबोट झाली.

मंगळवारी यांना घेऊन कचेरीत गेले. म्हटलं, आमची एक चूल कमी करा. कारकून हसला. म्हणाला, वाढवायला सगळे येतात, कमी होते ती माणूस गेलं तरच. आणि कारणाच्या रकान्यात 'मयत' लिहायला लागला.

मी म्हटलं, "थांबा. त्या आहेत."

मग 'दोघी एकत्र' असं लिहायचं ठरलं, पण त्याला दोघींची सही लागते. तो कागद सोबत आहे. माझी सही खाली केली आहे, वरची जागा तुमची. सही केलीत तर आपल्याला चारच मोळ्या मिळतील. आठ शेरांच्या हिशेबाने त्या पुरतात, मी तोलून पाहिलं आहे.

मागची चूल मोडलेली नाही. ती तुमच्या नावावर आहे. मोडायची तर तुमच्या हाताने. एकत्र नको वाटलं तर सही करू नका, पण या. पुढचं स्वयंपाकघर तुमचं, पडवीत मी बसेन. आणि यायचंच नसेल, तर ट्रंक पाठव असं तुमच्या हाताने लिहा. शिवदासदादांच्या अक्षरातलं मी मानणार नाही.

मी काही वाया घालवत नाही हे तुम्ही जाणता. तरी तुमच्या अंघोळीचं म्हणून वैलावर रोज एक तपेली पाणी जास्त ठेवते. मिठाचा सट धुऊन चुलीच्या डाव्या अंगाला ठेवला आहे, तुम्ही बसत होता तिथे. आमटी सध्या अळणीच करते.

तुमच्या हाताची वाट पाहणारी,
धाकटी
कोकिळा