उभी राहिली की थरथरते

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे खास नमस्कारासाठी टेकलेले नाहीत. सकाळपासून गाडीखाली डोकावतो आहे, तेव्हा ते आधीच टेकलेले होते.) इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे चालत असताना ठीक आहे, थांबल्यावर काय होते ते पुढे सविस्तर लिहितो. तुमचा खोकला कसा आहे? गाडीचा विषय निघाला की तुम्हाला फोनवर उबळ येते, म्हणून पत्र लिहितो आहे. मामींचा घसा बरा असेल तर हे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

तीन महिन्यांपूर्वी तुम्ही तुमची गाडी माझ्या हवाली केलीत, तेव्हा बॉनेटवर हात ठेवून म्हणाला होतात, "कंपनीतून आली तशी आहे. नऊ वर्षांत इंजिनाला पाना लागलेला नाही." धावताना ती खरोखर गुणी आहे. तिला फक्त उभे राहता येत नाही. सिग्नलला थांबलो की आधी स्टिअरिंग शहारते, मग सीट, मग मी. आरशात मागची एक बस तीन दिसते (तिन्हींचे ड्रायव्हर सारखेच चिडलेले). समोरचा कप्पा आपोआप उघडून गाडीचे कागद मांडीवर येतात, जणू पोलिसाने मागितलेच आहेत. धाकटी बहीण ब्रश नुसता दातांवर धरून मागून म्हणते, "दादा, जरा थांबून राहा ना, मला दात घासायचेत." आईने, म्हणजे तुमच्या सख्ख्या बहिणीने, तुमचीच बाजू घेतली: "पळून दमली असेल रे ती." मामा, यंत्र पळून दमत नाही. मी नववीत शाळा सोडली, पण एवढे आठवीपर्यंत शिकवतात. मी डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पेला ठेवून, थांबल्यावर किती पाणी सांडते ते रोज वहीत लिहिले. दिवे लावले की जास्त, एसी लावला की त्याहून जास्त, आणि मामांचे नाव घेतले की सगळ्यात जास्त (ही शेवटची नोंद बहिणीच्या हातची आहे, पण मी खोडलेली नाही).

हेही मी गिळले असते. पण जिच्याशी माझे लग्न व्हावे असे मला आणि (तिच्या सांगण्यानुसार) तिलाही वाटते, तिचे वडील घड्याळे दुरुस्त करतात. चाळीस वर्षे डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. मागच्या रविवारी त्यांना गाडीतून नेत होतो आणि रेल्वेचे फाटक पडले. मालगाडी होती. इंजिन बंद करायला हवे होते हे मान्य. पण बंद केले तर पुन्हा सुरू होईल का, ही आणखी वेगळी भीती. सात मिनिटे, मामा! त्यांचा चष्मा तीनदा नाकावरून घसरला. चौथ्यांदा त्यांनी तो खिशातच ठेवला, तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा डॅशबोर्डवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "गाडी अशी, तर घर कसं सांभाळणार?" येत्या रविवारी ते पुन्हा बसणार आहेत, त्याच फाटकाशी थांबणार आहेत, आणि मग हो की नाही ते सांगणार आहेत.

मग मी विद्वानांचे उंबरे झिजवले. पहिल्याने स्क्रूड्रायव्हरचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे कानाला लावून, डोळे मिटून बराच वेळ ऐकले. नवे प्लग घातले. पाणी तेवढेच सांडले. "इंजिन आहे, कपाट नाही, हलणारच," म्हणाला. दुसऱ्याने गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग वाढवून दिला. थरथर कमी झाली, कबूल. पण गाडी उभ्या उभ्या गिरणीसारखी ओरडू लागली. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी विचारले, "कुठे आग लागलीय का हो?"

शेवटी आमच्या गल्लीतले निवृत्त फिटरकाका गाडीखाली शिरले. आतून हसण्याचा आवाज आला. इंजिन ज्या तीन रबरी गाद्यांवर बसते (अशा गादीला माउंटिंग म्हणतात, इंजिनाचे हलणे इंजिनापाशीच ठेवणे हे तिचे काम) त्यांपैकी एकीच्या जागी त्यांना ब्लेडने नीट कापून, दुमडून बसवलेली निळी चप्पल सापडली. उजव्या पायाची. झिजून चिंधी झालेली, पण अंगठ्याचा खड्डा शाबूत. आईने एका नजरेत ओळखली. "माझ्या दादाची आहे ही!"

मामा, ताईच्या लग्नात तुम्ही एका पायात चप्पल घालून लंगडत आलात आणि समोरच्या घरातल्या कुत्र्याने दुसरी नेली म्हणालात. आम्ही त्या मुक्या प्राण्याला पुढे सहा वर्षे दगड मारले. तो बिचारा तो डाग घेऊनच गेला. पाना लागला नव्हता हे खरे. पाय लागला होता! ज्या माणसाला इंजिन आणि पायपुसणे यांतला फरक कळत नाही, त्याच्या शब्दावर मी माझे लग्न टांगून ठेवले होते. फिटरकाका उद्या अस्सल नवे माउंटिंग बसवत आहेत. तुमची चप्पल मी चिमटीत धरून कचऱ्याच्या गाडीत टाकली आहे. मामींना नमस्कार. त्यांच्या घरातल्या वस्तू त्यांनी एकदा मोजून घ्याव्यात.

आपला भाचा (निरुपायाने)

ता. क. : पत्र टाकायचे राहिले होते. माउंटिंग आज बसले. पेल्यातले पाणी आता सांडत नाही, उडते. फिटरकाका म्हणतात, नवे रबर फार कडक आहे, नरम पडायला वर्ष जाईल. चपलेचे रबर उत्तम होते, फक्त झिजले होते. "कुणी बसवली होती? जाणता माणूस दिसतो," असे त्यांनी विचारले. मी तुमचे नाव सांगितले नाही.

ता. क. दुसरा : बाजारातल्या नव्या चपला लावून पाहिल्या. इंजिन बसले की त्यांचा कागद होतो. कचऱ्याच्या गाडीमागे दोन चौक धावलो, पण ती निघून गेली. तुम्ही काही टाकत नाही असे आई म्हणते, तेव्हा ताईच्या लग्नापासून न वापरलेली डावी चप्पल तुमच्या माळ्यावर असणारच. शनिवारपर्यंत पोहोचेल अशी कुरिअरने पाठवावी. धुऊ नये. वर जे काही लिहिले आहे ते मामींनी वाचू नये.

ता. क. तिसरा : एक शंका आली. धाकट्या मावशीला दिलेली तुमची दुसरी गाडी उभी असताना अजिबात हलत नाही. डावी तिथे असेल तर नुसते कळवा, मी जाऊन काढून आणतो. मावशीचे लग्न झालेले आहे. दरम्यान आईची उजवी चप्पल लावून पाहिली, फाटली. आईला कुत्र्याने नेली असे सांगितले आहे. विचारले तर तुम्हीही तसेच सांगावे.