बॉन्ड सुटण्याची खरी कारणं

२० सप्टेंबर, संध्याकाळी ५

झालं एकदाचं! डोक्यावर एकशे वीस बटा. केराटिन बॉन्ड. माझ्या चिमूटभर केसांना दुसऱ्या कुणाच्या तरी लांब केसांची बट, मुळाशी तांदळाएवढ्या मण्याने चिकटवलेली. सलून आमच्याच बिल्डिंगखाली, दुबईत, अल बर्शा भागात. चालवणारी जुलेखा रत्नागिरीची. आधी नाहीच म्हणत होती. ताई, तुमचेच केस गळतायत, वजन पेलणार नाही, थोडं थांबा. मी म्हटलं, पेलेल.

११ जानेवारीला पुण्यात आईचं वर्षश्राद्ध. ती गेली तेव्हा जाता आलं नाही, ऑफिसात इयर क्लोजिंग होतं. आता पूर्वीसारखी जाड वेणी घालून जाणार. केस गळतायत ते दुबईच्या पाण्याने. बाकी मी एकदम ओके.

नियम: मुळांना तेल नाही, कंडिशनर नाही. ओल्या केसांनी झोपायचं नाही. विंचरताना मूळ धरून टोकांपासून सुरुवात. चार महिन्यांच्या आत काढून घ्यायचे. सोपंय. मी ऑडिटमध्ये आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

आईने पाठवलेल्या माक्याच्या तेलाची शेवटची बाटली. अर्धी उरलीय. फक्त टोकांना लावायचं ठरवलं होतं. पण रविवारी टाळूला तेल लागलं नाही की दिवसभर मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. चार थेंब मुळांना. औषध म्हणून. औषधाला तेल म्हणत नाहीत.

३ ऑक्टोबर, सकाळी ८

लिफ्टच्या आरशात आई दिसली. पाठमोरी, वेणी सोडलेली. मी किंचाळले. ईश्वरी म्हणाली, Mom, that's you. दोन बाजूंना दोन आरसे होते, त्यामुळे. लेक सोळा वर्षांची आहे, तिला सगळं लगेच कळतं.

उद्यापासून जिना. व्यायामही होईल.

१२ ऑक्टोबर

जिना बंद. अकरावा मजला आहे.

उशीवर एक अख्खी बट पडली होती, मण्यासकट. सुजीतला पाल वाटली. नवरा म्हणून त्याने चपलेने मारलीसुद्धा. मग म्हणाला, सुनेत्रा, हे नॉर्मल आहे का? मी म्हटलं, हो, रोज शंभर केस गळतातच माणसाचे. हे खरं आहे. मात्र एकदम शंभर, आणि एकत्र बांधलेले, हे मी बोलले नाही.

२ नोव्हेंबर

केस सगळीकडे. डब्यातल्या भातात. प्रिंटरमध्ये. देवाच्या निरांजनात एक जळला, घरभर तसला वास. सोफ्यामागे एक बट सापडली, ती एसीच्या वाऱ्यावर हळूहळू हलत होती, श्वास घेतल्यासारखी. ईश्वरी मैत्रिणींना घरी बोलवत नाही. It's creepy, Mom.

हे केस मुळात कुणाचे? ती बाई आहे का अजून? शोधत तर आली नसेल? जुलेखाला फोन केला. म्हणाली, केसांत भूत नसतं ताई, तेल असतं. लावता का? मी म्हटलं, छे!

१६ नोव्हेंबर, रविवार

आज तेल अजिबात नाही. पक्कं.

दुपारी ३: थोडं.

७ डिसेंबर

सत्तेचाळीस बटा गेल्या. मोजून झिपलॉकमध्ये ठेवल्यात. पुण्याच्या घरून भावाचा, सूर्यकांतचा, फोन. तिकीट काढलंस का? म्हटलं, जरा सेटल होऊ दे. काय सेटल? म्हटलं, काम.

असल्या डोक्याने त्या घरात पाऊल टाकणं शक्य नाही. फिरून एकदा बसवून घ्यायचे, मगच तिकीट. हा प्लॅन फूलप्रूफ आहे.

३ जानेवारी, सकाळी ११

जुलेखाने फिरून बसवायला साफ नकार दिला. माझी झिपलॉक तिने टेबलावर उपडी केली आणि एकेक मणी उजेडात धरला. हे बघा, हा आख्खा सरकून आलाय. गुळगुळीत. तेलाने पकड सुटते. आणि हे दुसरे, यांना तुमचे पाच-सहा केस चिकटलेत, मुळासकट. म्हणजे तुमचेच गळाले, बट त्यांच्यासोबत आली. पाण्याला दोष देऊ नका. आधीच सांगितलेलं, थांबा म्हणून. पैशाच्या मोहाने मीही ऐकलं तुमचं, माझीही चूक.

मग खुर्ची जवळ ओढून तिने विचारलं, तेल कुणाचं?

सांगून टाकलं. आईचं. आणि विचारलं नव्हतं तेही सांगितलं. शेवटच्या व्हिडिओ कॉलवर आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, कोण बाई तुम्ही? त्याच महिन्यात मी केस खांद्यापर्यंत कापले होते. वेणी असती तर ओळखलं असतं तिने.

जुलेखाने मणी सैल करणारं लिक्विड लावून, पक्कडीने मणी फोडून, उरलेल्या सगळ्या बटा काढल्या. दोन तास. माझ्या केसांत ठिकठिकाणी टाळू दिसत होती. ते तिने कानापर्यंत कापले. म्हणाली, येतील, इन्शाल्ला. खलास, आता रडा.

मी रडले नाही. डोळ्यांत लिक्विडची वाफ गेली होती.

९ जानेवारी, दुपारी १, दुबई एअरपोर्ट

बोर्डिंगला अर्धा तास. सुजीतने मला न विचारता तिकीट काढलं.

सूर्यकांतला आधीच फोन करून बजावलं, केस बारीक आहेत, पटकन ओळखू येणार नाही मी. म्हणाला, असं का बोलतेस? म्हटलं, आईनेही ओळखलं नव्हतं. केसांमुळे.

तो हसला. म्हणाला, ताई, शेवटचे दहा दिवस ती मला गॅसवाला समजत होती. सिलिंडर उशिरा आणतो म्हणून दोनदा भांडली. मी तर लहानपणापासून टकलाच आहे म्हण ना, मला कुठली वेणी?

मी विचारलं, मग तू काय करायचास?

काय करणार, म्हणाला, उद्या नक्की आणतो म्हणायचो. मग चहा द्यायची.

कोण बाई तुम्ही, म्हणाली तेव्हा मी फोन ठेवला होता. नंतर परत केलाच नाही.