ते कुत्रं आपलं नव्हतं

आई, तुला कुत्र्यांचा लळा होता, म्हणून हे तुलाच सांगायला हवं. आणि नेमकं तुलाच सांगताना जीभ जड होते. आम्ही इथे कुत्रा पाळलाय. इथे म्हणजे न्यूझीलंडला, ऑकलंडच्या दक्षिणेला, मनुरेवात. तू असतीस तर नकाशावर बोट ठेवून म्हणाली असतीस, एवढं खाली कुणी जातं का गं? शिकायला म्हणून आले, ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, मग राहिलेच. कुत्रा लेकीच्या हट्टापायी आला. काळा, लांब कानांचा, अंगाने दांडगा आणि स्वभावाने बावळट. ती त्याच्याशी इंग्रजीत बोलते, मी मराठीत, आणि तो दोघींचंही ऐकत नाही. रविवारी आम्ही त्याला घेऊन क्लीव्हडनच्या पुढे जायचो. तिथे एका शेतकऱ्याच्या कुरणातून टेकडीवर जाणारी पायवाट आहे. जमीन त्याची, वाट सगळ्यांची. दोन्ही बाजूंना मेंढ्या चरत असतात आणि माणसं मधून चालत जातात.

त्या वाटेच्या तोंडाशी लाकडी गेट आहे आणि गेटवर पाटी. कुत्रा लीशवरच ठेवा. गेट जसं होतं तसं लावा. कुत्र्याची घाण उचलून सोबत न्या. जंताचा डोस दिल्याशिवाय कुत्रा आत आणू नका. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरांत, मेंढ्यांच्या मागे लागलेला कुत्रा गोळी घालून मारला जाईल. पहिल्या दिवशी ते वाचून माझा नवरा हसला होता. "घाबरवायला लिहितात गं," म्हणाला. मग पाटी सवयीची झाली. पिशव्या आम्ही न चुकता न्यायचो, गेट लावायचो, लीशही असायची. डोसाचं मात्र दोघांनीही एकमेकांवर सोडलं होतं. त्याला वाटायचं मी दिलाय, मला वाटायचं त्याने.

२०१५च्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळ उजाडली होती, पण उजेड असा नव्हताच. ढग टेकडीच्या निम्म्यावर उतरलेले. गाड्या लावायच्या जागेत आमचीच एक गाडी. मेंढ्या गाभण होत्या, पोटं जमिनीला टेकतील अशा. एरवी त्या चरत असतात, आपण जवळ गेलो की संथपणे बाजूला होतात. त्या दिवशी त्या सगळ्या नुसत्या उभ्या होत्या, एकाच दिशेला तोंड करून, आणि एकही ओरडत नव्हती. मला ते बरं वाटलं नाही. मी म्हटलं, परत जाऊया का? नवरा म्हणाला, "आता एवढं आलोय तर." चढावर कुत्रा ओढायला लागला, लेकीचा हात दुखायला लागला, तेव्हा त्याने वाकून लीश सोडली. "इथे आहे कोण? स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत, काही बिघडत नाही.

कुत्रा क्षणभर उभा राहिला, आपण मोकळे झालोय हे त्याला कळलंच नसावं. मग सुटला. मेंढ्या एकदम एकवटल्या आणि अख्खा कळप उतारावरून खाली, कुंपणाच्या कोपऱ्याकडे लोटत गेला. पोटं हेलकावत होती, आणि तरीही आवाज फक्त खुरांचा. नवरा हाका मारत धावला. पण कुत्रा कळपाच्या मागे गेलाच नाही. मध्येच वळला, नाक खाली घातलं आणि काटेरी झुडपांमागे दिसेनासा झाला. त्याच्यामागे लेक. मी पोचले तेव्हा ती त्याच्या पट्ट्याला धरून ओढत होती, आणि त्याचं तोंड एका मेलेल्या मेंढीच्या पोटात होतं. मेंढी एकदा पाठीवर उलटी पडली की तिला आपली आपण उठता येत नाही, हे मला नंतर कळलं. तशीच मेलेली, चारी पाय वर. पोट घारींनी फोडलेलं. लेकीने जोर लावून ओढलं तसा कुत्रा वळला आणि, नेहमी करतो तसंच, लाडाने तिचं तोंड चाटलं. ओठांवरून, गालावरून. ती "यक" म्हणाली आणि हसली.

तेवढ्यात चारचाकी बाइकचा आवाज आला. शेतकरी म्हातारा होता, पण उतरला तो झटक्यात. खांद्याला बंदूक. त्याने ती हातात घेतली नाही, पण खाली ठेवलीही नाही. पहिला प्रश्न विचारला, "कुत्रा कुणाचा?"

"आमचाच. सॉरी, मेट," नवरा म्हणाला. "तो नुसता पळत होता."

"नुसत्या पळण्याने त्या गाभडतात. या टेकडीवर मी कुत्री मारली आहेत. मला ते आवडत नाही, पण मारली आहेत." मग त्याची नजर मेलेल्या मेंढीकडे गेली, कुत्र्याच्या लाल झालेल्या तोंडाकडे गेली, आणि शेवटी लेकीच्या गालावर थांबली. त्याचा आवाज बदलला. "डोस कधी दिलाय याला?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याला उत्तर मिळालं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. लेकीला बाइकच्या सीटवर बसवून तो तिच्याशीच बोलायला लागला. कुत्रा असं काही खातो, त्याच्या पोटात जंत होतात, त्याच्या घाणीतून अंडी गवतात पडतात, गवतातून मेंढीत जातात. आता जो जंत आहे त्याने नुसतं मांस खराब होतं, माणसाला काही होत नाही, तू घाबरू नकोस. पण मी तुझ्याएवढा होतो तेव्हा दुसरा एक होता, तो माणसालाही सोडत नसे, कुत्र्याच्या अंगातोंडाला लागलेली अंडी हातावरून पोटात जायची. या म्हाताऱ्याच्या थोरल्या बहिणीला झालं होतं. यकृतात पाण्याची पिशवी. वर्षानुवर्षं वाढत राहिली, कुणाला पत्ता नाही. डॉक्टरांनी उघडली तर आत आणखी लहान लहान पिशव्या, द्राक्षांसारख्या. बहीण वाचली, पोटावरचा व्रण घेऊन म्हातारी झाली. मग गावोगाव कुत्र्यांना डोस द्यायला माणसं येऊ लागली, तारेला ओळीने कुत्री बांधायची, एकही सुटता कामा नये. "संपवला आम्ही तो रोग या देशातून," तो म्हणाला. "तरी कुत्र्याने पोराचं तोंड चाटलेलं मला अजून बघवत नाही."

आई, तो इंग्रजीत द्राक्षं म्हणाला, आणि मला साबुदाणे ऐकू आले. मी बारावीला आहे, पुण्याच्या हॉस्पिटलचा व्हरांडा आहे, मी डबा मांडीवर घेऊन बाकावर बसलेय आणि डॉक्टर बाबांना सांगतायत, पाण्याची गाठ होती, आत साबुदाण्यासारखे दाणे, काढताना फुटली आणि ते पाणी अंगात भिनलं. आम्ही खूप प्रयत्न केले. मग ते विचारतात, घरात कुत्रं आहे का? बाबा म्हणतात, नाही. मला तो प्रश्न तेव्हा इतका विचित्र वाटला होता. तू गेली होतीस, आणि हा माणूस कुत्र्याचं काय विचारतोय? घरी सगळ्यांनी गाठ म्हटलं, लोकांनी तो कॅन्सर समजला, आम्हीही तेच समजत राहिलो.

आणि ती तांबडी कुत्री तर आपल्या लोणंदच्या घराच्या मागच्या पायरीवरच असायची. मेंढ्यांच्या बाजाराकडून यायची, तोंड पुसल्यासारखं करून तुझ्या पायाशी बसायची. खाटीक मागच्या ओढ्यात काय काय टाकायचे ते आपल्याला वासाने कळायचं. तू तिला भाकरी घालायचीस, तिच्या कानांतल्या गोचिड्या काढायचीस, आणि तसाच पदराला हात पुसून मला घास भरवायचीस. मी एकदा तिला दगड मारला तर तू माझं मनगट धरून मला तिच्यासमोर उभं केलंस. "मुक्या जिवावर हात उचलतेस? बोलता आलं असतं तर तिने तुला विचारलं असतं, मी तुझं काय केलं?" त्या दिवसापासून मीही तिच्या अंगावरून हात फिरवायला लागले. तू खूश झालीस.

टेकडीवर मी पाण्याच्या बाटलीने लेकीचं तोंड धुतलं. एकदा धुऊन थांबले नाही. म्हातारा म्हणत होता, "आत्ता चाटल्याने काहीच होणार नाही, बाई." मला ते समजत होतं, मी लॅबमध्ये काम करते, मला समजायला हवंच. तरी मी ओढणीने तिचे ओठ घासत राहिले, शेवटी ती रडत किंचाळली, "आई, स्टॉप, यू आर हर्टिंग मी!" नवऱ्याने माझा हात धरला. शेतकऱ्याने बंदूक बाइकवर ठेवली आणि मान वळवली. खाली, कुंपणाच्या कोपऱ्यात, कळप अजून तसाच एकमेकांना चिकटून उभा होता.

घरी येऊन मी सगळं वाचून काढलं. त्या काळी इथल्या कुत्र्यांना जे औषध देत, ते सुपारीतून काढलेलं असे. तू जेवणानंतर रोज अडकित्त्याने कातरायचीस ती सुपारी. मला हसूही येईना आणि रडूही. मग बाबांना फोन लावला. त्यांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे ओरडून विचारावं लागलं, "बाबा, त्या डॉक्टरांनी आईच्या आजाराचं नाव काय सांगितलं होतं?"

"गाठ होती. आता कशाला ते?"

"त्यांनी कुत्र्याचं विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही. मग ते म्हणाले, "ते कुत्रं आपलं नव्हतं."

मी त्यांना पुढे काही विचारलं नाही. ते खोटं बोलले नव्हते. ती कुणाचीच नव्हती, म्हणून तिला औषध कोण देणार, ओढ्यात टाकलेलं खाण्यापासून तिला कोण अडवणार? इथे माझ्या कुत्र्याच्या गळ्यात बिल्ला आहे, त्यावर नंबर आहे, तो कुठे तोंड घालतो याचा जाब मला विचारायला एक माणूस बंदूक घेऊन टेकडी उतरतो. आता डोसाचं मी बघते, फक्त मी. लीश माझ्या हातात असते. लेकीला वाटतं, मी तिच्या कुत्र्याचा राग करते. त्याने तोंड जवळ आणलं की मी अजून ओरडते. का, ते तिला सांगितलेलं नाही.

आणि आणखी एक. त्या पायरीवर तू एकटी बसायची नाहीस, मीही बसायचे. हा विचार डोक्यातून जाईना, म्हणून शेवटी इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सोनोग्राफी करायला लावली. लहानपणी घरात कुत्रं होतं का, असं विचारलं. मी म्हटलं, होतं. पडद्यावर माझ्या यकृतात एक छोटासा पांढरा ठिपका दिसला, बोराच्या बीएवढा. जुना आहे, बहुतेक मेलेला, वरून टणक झालाय, त्या म्हणाल्या. हात लावायचा नाही, दर वर्षी बघत राहायचं. बहुतेक, हा शब्द मी घरी आणला आहे आणि रोज तो माझ्याबरोबर जेवायला बसतो.

हे मी कामावर, जेवणाच्या सुट्टीत, गाडीत बसून फोनवर लिहितेय, आणि सुट्टी संपेपर्यंत पुसूनही टाकेन कदाचित. पुसण्याआधी एवढंच. तुझे फोटो दादाकडे आहेत, साड्या मावशीने नेल्या, माझ्याकडे तुझं काहीच आलं नव्हतं. तो ठिपका पाहून मी घाबरले, खूप घाबरले. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, आई, मला बरं वाटलं होतं.