शेंग धरलेली रास्ना

मॅडम,

आज कॉलेजात एका मुलीनं माझ्यासमोर सहीसाठी कागद ठेवला आणि त्यात तुमची चूक काढलेली आहे. तुमच्या नावानिशी. सही मी अजून केलेली नाही. कागद घरी आणलाय, जेवणाच्या टेबलावर आहे, त्यावर वरणाचा डाग पडू नये म्हणून दोनदा उचलून बाजूला ठेवला, आणि शेवटी तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की मोताळ्यातल्या तुमच्या भाड्याच्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान उभं आहे, तेव्हा पत्र टाकायचं कुठं हा प्रश्नच नाही. पण काही गोष्टी गेलेल्या माणसालाच सांगता येतात. जिवंत माणूस मध्येच "अगं, पण का?" म्हणून विचारतो, आणि तुम्ही तर हमखास विचारलं असतं.

ही मुलगी वडनेर भोलजीहून एसटीनं येते. बोलायला फटकळ, कामाला वाघ. दरवर्षी मी वर्गात वांडा, म्हणजे झाडांवर वाढणारी ऑर्किडं, शिकवते, आणि दरवर्षी तुमचं वाक्य सांगते: आपल्या भागात रास्ना, ही आपली रानातली वांडा, आई म्हणून चालत नाही, उन्हाळ्यात शेंग टाकून देते. दोन वांडांचा संकर करायचा तर जिच्या फुलात पराग ठेवायचे ती आई आणि ज्याचे घ्यायचे तो बाप, एवढं समजावून मी पुढं जाते. पोरं लिहून घेतात. हिनं लिहून घेतलं नाही. होळीनंतर आमच्या शेडमधली रास्ना फुलली, तेव्हा मला न विचारता हिनं तिच्यावर जांभळ्या वांडाचे पराग ठेवले आणि सबंध मे महिना भोवती ओली पोती बांधली. आता दिवाळी आली, आणि शेंग अजून झाडावर आहे. बोटाएवढी, धारदार कंगोऱ्यांची, हिरवीगार. विद्यापीठात विद्यार्थ्यांचं संमेलन आहे, तिथं ती हे मांडणार. "यापूर्वीच्या अभ्यासातला निष्कर्ष चुकीचा होता," असं तिनं लिहिलंय, आणि खाली तुमचं नाव. नाव तिला मीच सांगितलं होतं, कौतुकानं.

तुमच्या घरामागचा तो हिरव्या जाळीचा मांडव माझ्या डोळ्यांसमोर आहे. सागाच्या पट्ट्यांच्या टोपल्या टांगलेल्या, त्यांत माती नावाला नाही, आणि पांढुरकी मुळं नुसती हवेत लोंबतायत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "हे तर बांडगूळ!" तुम्ही हातातली झारी खाली ठेवलीत. "बांडगूळ आपले प्राचार्य. ही नव्हे. ही झाडाकडून काही घेत नाही, फक्त बसायला जागा मागते." मग एका मुळावर पाणी टाकलंत आणि ते बघता बघता हिरवं झालं. "हेच तिचं तोंड आणि हेच पोट. पानं गेली तर चालतील, मुळं गेली की संपलं." ती रास्ना राजूरच्या घाटात पडलेल्या आंब्यावरून तुम्ही स्वतः काढून आणलेली. फूल रुपयापेक्षा थोडं मोठं, पाकळ्या कडेनं मुडपलेल्या, पिवळट तपकिरी, त्यांवर चौकटी-चौकटींची जाळी, आणि मध्ये निळसर जांभळी जीभ. ऊन वर आलं की वास असा सुटायचा की मी पाणी घालायचं सोडून उभी राहायची. दुसरी ती निळी, थंड डोंगरांतून मागवलेली. तळहाताएवढं फूल, निळ्यावर गडद निळी जाळी. काय रूप होतं तिचं, देवा! पण वास नाही, आणि एप्रिल लागला की बाईसाहेब माना टाकायच्या. तुम्हाला दोघींचं एक हवं होतं. निळी, वासाची आणि मोताळ्याचं ऊन सोसणारी. "बी रुजून फूल यायला पाच-सहा वर्षं. बरोबर माझ्या निवृत्तीला," म्हणायच्या तुम्ही, आणि स्वतःशीच हसायच्या.

दीड वर्ष पाणी मी घातलं, मॅडम. सकाळी गावाहून सायकलनं यायचं, पाणी घालायचं, मग कॉलेज. पराग ठेवायच्या दिवशी मी साबणानं तीनदा हात धुवून आले होते. तुम्ही आम्हा दोघींना बोलावलंत, मला आणि वकिलांच्या मुलीला, आणि दात कोरायची काडी तिच्या हातात दिलीत. मी पुढं झाले तर म्हणालात, "तू नको. तुझे हात कापूस वेचायचे. हे नाजूक काम आहे." तुम्ही माझ्याकडं बघतही नव्हतात, सगळं लक्ष फुलात होतं, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त ती हसलेली ऐकू आली. मी बशी धरून उभी. निळीच्या फुलातून परागांचे पिवळे दोन दाणे काडीला चिकटून आले, ते रास्नाच्या फुलातल्या चिकट खळग्यात बसले, आणि दोन दिवसांत फूल मिटून मागचा देठ फुगायला लागला. तुम्ही मला पेढा दिलात. मी तो खाल्लासुद्धा. पण मॅडम, कापूस वेचायलाच नाजूक हात लागतात हो! बोंडाच्या वाळल्या कडा नखांत घुसतात, पानाचा चुरा लागू न देता कापसाची अख्खी पाकळी ओढून घ्यावी लागते, आणि जिचे हात जड तिच्या ओटीत कचराच जास्त निघतो. हे मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं. बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं. मी गिळलं, आणि गिळलेलं सगळंच पचतं असं नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात आईचे गुडघे धरले. न्हाणीतून उठायची तर भिंतीला धरून. मोताळ्याच्या बाजारात एक हकीमचाचा झाडपाल्याचं दुकान मांडून बसायचे, त्यांच्याकडं गेले. "बेटी, मेरे पासकी सूखी हुई है, इसमें कुछ दम नहीं. ताजी रास्ना की जड लाव, मुठ्ठीभर, अच्छा तेल बना देता." आमच्या शिवारातल्या आंब्यांवरची रास्ना औषधाला मुळं विकणाऱ्यांनी कधीच ओरबाडून नेलेली. ताजी रास्ना मला एकाच ठिकाणी माहीत होती. तुम्ही पेपर तपासायला अमरावतीला गेलेल्या, घराची आणि मांडवाची किल्ली माझ्याकडं. मी दुपारी ब्लेड घेऊन आत जाते. आधी पाणी मारते, म्हणजे जिवंत मुळं हिरवी होऊन ओळखू येतील. तुम्हीच शिकवलेलं. एकेक मूळ कापताना बारीक कट्ट असा आवाज येतो. मूठ भरते, तरी मी थांबत नाही. शेवटी तीन-चारच उरतात. शेंग तेव्हा करंगळीएवढी होती.

तुम्ही आल्यावर मी काय सांगितलं आठवतं ना? "मॅडम, उन्हानं मुळं वाळून गेली होती. कुजायच्या आधी मी कापून टाकली." वाळकी मुळं कापायची हेही तुम्हीच शिकवलेलं, म्हणून खोटं इतकं चपखल बसलं. तुम्ही थोटकांवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "बरं केलंस गं." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात तेव्हा चांदणंबिंदणं काही नव्हतं. नुसतं सुटल्यासारखं वाटलं. लाज मागून आली. पंधरा दिवसांत शेंग पिवळी पडली आणि एका सकाळी पाणी घालताना माझ्या पायाशीच पडली. तुम्ही ती उचलून तळहातावर घेतलीत. मग वही काढलीत आणि लिहिलंत की आपल्या उन्हाळ्यात शेंग धरली की रास्नाची मुळं वाळतात, आई म्हणून तिचा उपयोग नाही. खाली लिहिलंत, निरीक्षण, आणि पुढं माझं नाव.

इकडं आईनं तेल लावलं. विचारलं, "कोठून आणली वं रास्ना?" मी म्हटलं, मॅडमनी दिली. झालं! आई बिबड्यांची, आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांची, पिशवी भरायला बसली. "दवाई फुकटची लागू नाही पडत, बाई. त्याईले काही तं द्या लागते." नको म्हणायची सोय नव्हती. मी पिशवी तुम्हाला दिली आणि म्हटलं, सहज पाठवल्यात. तुम्ही मला स्वयंपाकघरात नेलंत, तेल तापवलंत, बिबड्या भाजायच्या असतात की तळायच्या हे मलाच विचारलंत, आणि दोन्ही करून बघितलंत. चहा दिलात. आईची चौकशी केलीत, तेव्हा गुडघ्यांचं माझ्या तोंडून निघून गेलं आणि जीभ चावली. तुमचं लक्ष कढईत होतं. मग कपाटातून तुमचं भिंग काढून माझ्या हातात ठेवलंत. "तुझी नजर चांगली आहे. त्या दिवशी तुझ्या हातांबद्दल बोलले ते चुकलं माझं. पुढच्या वेळी काडी तू धरायची." मॅडम, चार मारल्या असत्यात तरी चाललं असतं. बिबडी माझ्या घशात अडकली आणि तुम्ही पाठीवर थोपटत राहिलात.

पुढची वेळ आलीच नाही. निळी त्याच उन्हाळ्यात गेली. ती रास्ना दिवाळीपर्यंत सुरकुतत गेली आणि तुम्ही टोपली उतरवलीत. दुसरी निळी मागवायची का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "कशाला? तूच तर पाहिलंस, आपल्याकडं होत नाही ते." मीच पाहिलं! निवृत्तीच्या दिवशी तुमच्या टेबलावर झेंडूचा गुच्छ होता. नंतर पुण्याला एकदाच भेटायला आले, तुम्ही अंथरुणावर होतात, आणि पहिला प्रश्न केलात, "आईचे गुडघे कसे आहेत गं?" तो सहज विचारलात की तुम्हाला सगळं कळलं होतं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, बरे आहेत. तेही खोटंच. आईचे गुडघे तिच्यासोबतच गेले.

आणि मग मी शिकवायला लागले आणि ते वाक्य सांगत राहिले. आधी भीती होती, नोकरी नवी होती. नंतर सवय झाली. निम्म्या जिल्ह्यातल्या पोरांनी माझ्याकडून ते लिहून नेलं असेल. कुणी रास्ना हातात घेऊन बघितलीसुद्धा नाही, कारण मॅडमनी सांगितलंय होत नाही. एका ब्लेडनं एक शेंग गेली असं मी स्वतःला समजावते, पण ते खरं नाही.

आज दुपारी त्या मुलीनं कागद पुढं केला आणि विचारलं, "मॅडम, मंग त्याईचं काऊन नाही जमलं?"

"तेव्हा उन्हाळा फार कडक होता," मी म्हणाले.

ती हसली. "ऊन तं आता जास्त हाय, मॅडम. त्याईनं पाणीच नीट देल्लं नसन."

"दिलं होतं!" मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या टेबलावरच्या सरांनी वर पाहिलं. मी कागद पर्समध्ये घातला आणि उद्या देते म्हटलं. कमाल आहे माझी, बत्तीस दात शाबूत असून एक खरं वाक्य बाहेर पडत नाही.

उद्या तिला सांगणार आहे. ती ओळ खोडायची आणि लिहायचं की मुळं पाणी देणाऱ्या मुलीनं कापली होती, आणि ती मुलगी मी. तुमच्या नावावर काही राहता कामा नये. हसतील ते मला हसतील. खरं सांगू? फारसं कुणी हसणारही नाही. आईच्या गुडघ्यांसाठी कापली म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. त्या मुलीचेही येतील, तिची आईही शेतात जाते. सगळे मला माफ करून मोकळे होतील, आणि मी ती माफी खुशाल घेईन. म्हणून हे पत्र. हे कुठं टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही.

तुमच्या मांडवात रास्ना दोन होत्या, मॅडम. एकाच आंब्यावरच्या. एक दाराशीच, हाताला येईल अशी टांगलेली, शेंगबिंग काही नाही, आणि मुळं पार कमरेपर्यंत लोंबत होती. आईच्या तेलाला ती पुरून उरली असती. मी आधी तिच्याच समोर उभी राहिले, एक मूळ हातात धरलंसुद्धा. मग सोडून दिलं. शेंगवाली वर होती, तिथं माझा हात पोचत नव्हता. मी तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन स्टूल आणलं.