तळाशी कोणाचं पोतं

सोमवार, दिवेलागण

आज पुन्हा यादी पलटली अन् शिव्या मले! आमच्या बायांच्या गटाची झेंडूची पोती टेम्पोत कॉम्प्युटरनं काढलेल्या यादीच्या क्रमानं चढतात. पहिलं पोतं तळाशी जाते, त्यातली फुलं चेंदून जातात. आज तिसऱ्यांदा शांताबाईचं तळाशी. सगळ्यांसमोर म्हणाली, "कॉम्प्युटरले काय शिकवून ठेवलं वो वहिनी? तुमचं पोतं कसं कधीच दबत नाई?" शुक्रवारपासून गट सोडते म्हणते. मी लबाड?

यादीचा प्रोग्राम माह्या पोरीनं, शुभांगीनं, अकोल्यात बसून केला. फोन लावला तर हसते! "आई, प्रोग्राम ज्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलाय, ती भाषाच दर वेळी सुरू होताना क्रम मुद्दाम फिरवते. एक आकडा ठरवून दिला की क्रम पक्का. माझ्या लॅपटॉपवर दिलाय ना."

अन् इथं तिवस्यात गटाच्या कॉम्प्युटरवर तो आकडा कोण देईन? वहीत एक ओळ लिवली नाई पोरीनं. क्रम पक्का असता तर रोज एकेक नाव सरकवून, आज जी तळाशी होती तिले उद्या वर घेतलं असतं.

बजावलं तिले. आकडा कोणता, कुठं टाकायचा, नाई टाकला तर काय होते, समदं मराठीत लिहून गुरुवारपर्यंत पाठव. तोवर यादी काही म्हणो, माह्यंच पोतं तळाशी ठेवीन. फोन ठेवताना म्हटलं, "पाठवतं का नाई, बोल!"