उत्तरेकडच्या चौदा टाइल्स

१२ फेब्रुवारी १९८४, रविवार

झालं! विहाराच्या घुमटाचं काम माझ्याकडे नाही. तीस वर्षं या नाशकात टाइल बसवतोय. बंगल्यांचे गोल खांब, पाण्याच्या टाक्या, कॉलेज रोडच्या हॉटेलातला तो नागमोडी कट्टा — सगळं या हातांनी. आणि माझ्याच वस्तीच्या विहाराचा घुमट दुसऱ्याने करायचा! दुसरा तरी कोण? माझाच मुलगा. यादव. बांधकाम खात्यात ओव्हरसिअर आहेत साहेब.

कमिटीची सभा होती. अध्यक्ष सहादू पगारे उठून म्हणाले, "निवृत्ती मिस्त्री, तुमचा अनुभव मोठा. पण यादव शिकलेला आहे. मुंबईहून टाइल चिकटवायचं केमिकल आणतोय. एकदा चिकटली की चिकटली." टाळ्या पडल्या. यादव माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादांच्या पद्धतीने नुसत्या ठिकऱ्या दिसतात. आपल्याला गुळगुळीत घुमट पाहिजे."

ठिकऱ्या! त्या ठिकऱ्यांवरच याचा डिप्लोमा झाला.

१३ फेब्रुवारी

जेवलो नाही. कोणी फार आग्रहही केला नाही.

१९ फेब्रुवारी

आज साहेबांनी नमुना करून दाखवला. घुमटाच्या उत्तरेकडे, खाली, हात पोचेल अशा जागी. दोन डबे. दोन्हींतलं सारखं सारखं घ्यायचं, पाटीवर घोटायचं आणि अर्ध्या तासात संपवायचं, नाहीतर दगड होतो म्हणे. दोन इंची पांढऱ्या टाइल्स. स्वतःच्या हाताने चौदा लावल्या.

मी लांब, लिंबाखाली उभा होतो. मजुरांना तो मोठमोठ्याने काहीतरी समजावत होता. जवळ जाऊन ऐकलं नाही. कशाला ऐकू? घुमट मला कळतो. सपाट टाइल घुमटावर पोटावर टेकते आणि तिचे चारही कोपरे हवेत राहतात. खालची ती पोकळी मसाल्याने भरायची असते. म्हणून टाइल फोडून तुकडे लहान करायचे आणि सिमेंटचा मसाला इतका घट्ट कालवायचा की थापी उलटी केली तरी पडू नये. वर वर जावं तसे तुकडे आणखी लहान. हे कुठल्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

२६ फेब्रुवारी

घरात वाजलं. यादव म्हणाला, "दादा, एकदा या ना घुमटावर. तुम्ही बघून सांगा काही कमीजास्त असेल तर." आत्ता! चारचौघांत नाक कापून झाल्यावर! मी म्हणालो, "तुझ्या डब्याला विचार."

त्याची आई मध्ये पडली. "पोरगं बोलावतंय तर जा की. लय ताणू नका." मग तिलाही सुनावलं. तुला काय कळतं म्हणालो. तीस वर्षं माझ्या टाइल्स पाण्यात भिजवल्यास म्हणजे मिस्त्रीण झालीस का? ती भांडी उचलून बाहेर गेली.

नंतर वाईट वाटलं. पण तिला तसं म्हणालो नाही. आजवर कधी म्हणालो आहे?

४ मार्च

संध्याकाळी विहारावरून चक्कर मारली. उद्या काम सुरू. टाइल्सच्या टोपल्या ओळीने मांडून ठेवल्यात — आणि सगळ्या कोरड्या ठणठणीत! एकही पाण्यात नाही. पाण्याचं पिंप कोपऱ्यात उपडं पडलेलं.

घरी येऊन हसत सुटलो. यादवची आई भाकरी थापत होती. तिला म्हणालो, "बघ तुझ्या ओव्हरसिअरची अक्कल! तहानलेली टाइल मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते. आठ दिवसांत सगळ्या खाली येणार. अख्खी वस्ती बघेल तमाशा." ती म्हणाली, "मग पोराला सांगा ना." मी का सांगू? शिकलेल्या माणसाला मिस्त्रीने काय सांगायचं?

भाकरी करपली तिची.

५ मार्च

यादवची आई सकाळी उजाडायच्या आत कुठेतरी गेली होती. आली तर पातळ गुडघ्यापर्यंत ओलं. विचारलं तर म्हणे, बायकांचं श्रमदान.

९ मार्च

निम्मा घुमट झाला. यादव दिवसभर ऑफिसात, मजूर लावतात, संध्याकाळी हा सायकलवरून येऊन वर चढतो. रस्त्यावरून पाहिलं. चांगला दिसतो. अंड्यासारखा गुळगुळीत. इथे तरी खोटं कशाला लिहू!

वाजवून बघायला पाहिजे होतं. थापीच्या दांड्याने हलकेच ठोकलं की चिकटलेली टाइल भरीव बोलते आणि सुटलेली पोकळ. पण मला कोण चढू देणार? आणि मी तरी कशाला चढू?

१४ मार्च

पडल्या!!

दुपारी दोन पडल्या, मग चार, मग वरून खालपर्यंत एक अख्खा पट्टाच सरकला. खाली धोंडाबाई नळावर होती. तिच्या हंड्यावर आदळल्या. हंड्याला पोचा आला, ती वाचली. मी धावत गेलो. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला — लिहायला लाज वाटते — आनंद झाला. महिनाभर नीट जेवण गेलं नव्हतं. आज गेलं.

निरोप गेल्यावर यादव आला. पडलेली एक टाइल उचलली, उलटी केली, तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मग पिंपाकडे बघत राहिला. तोंड धुवायचं असेल. मग बायका उभ्या होत्या तिकडे बघितलं. मी असतो तर कोणाला तरी आईमाईवरून शिव्या घातल्या असत्या. याला तेवढीही धमक नाही.

१८ मार्च

सभा. यादव उभा राहिला. "चूक माझी. केमिकल मी चुकीचं निवडलं. मजुरांचा दोष नाही. कोणाचाच नाही."

पगारेंनी विचारलं, "अरे, नमुना तर टिकलाय. मग बाकीचं कसं पडलं?"

"माझी चूक," एवढंच. खाली मान. मागून कोणीतरी म्हणालं, "लोकांच्या कष्टाची माती केली." ते मला लागलं. पोरगा माझा आहे शेवटी. पण त्याच्या बाजूने तोंड उघडलं नाही. माझ्यासाठी कोणी उघडलं होतं?

घुमट माझ्याकडे आला.

२ एप्रिल

यादवने बदली मागून घेतली. सुरगाण्याला, पार डोंगरात! सुरगाणा मागून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. ट्रंक घेऊन निघाला. दारात "जय भीम, दादा" म्हणाला. मी पेपरातून मान वर केली नाही. त्याची आई जीपपर्यंत गेली आणि तासाभराने परत आली.

पळाला. दुसरं काय म्हणायचं?

२२ एप्रिल

अंग मोडून आलंय, पण काम मनासारखं चाललंय. सगळं खरवडून काढलं. पृष्ठभाग टोचून खरबरीत केला. टाइल्स फोडल्या, भिजवल्या, खालून वर लावत चाललोय. दिवसाला हात-दीड हात. वाजवून बघतो — भरीव!

यादवची आई कामावर येत नाही. आजवर एक काम चुकवलं नव्हतं तिने. कंबर दुखते म्हणते. टाइल्स धोंडाबाई भिजवते, पण तिला समज नाही. बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायच्या, मग उभ्या करून निथळायच्या, पुसायच्या, मगच हातात द्यायच्या. यादवच्या आईला कधी सांगावं लागलं नव्हतं.

आज उत्तरेकडच्या नमुन्याच्या चौदा टाइल्स काढायला घेतल्या. निघेनात! छिन्नीची धार गेली. एक टाइल फुटली, पण तिची पाठ जागची हलली नाही. तेच डबे, तोच घुमट, त्याच टोपल्यांतल्या टाइल्स. मग या कशा राहिल्या? दुपारभर डोकं खाल्लं. शेवटी तशाच ठेवल्या आणि भोवतीने माझे तुकडे बसवले.

१५ मे, बुद्धपौर्णिमा

विहाराचं उद्घाटन झालं. माझा सत्कार. पगारेंनी स्वतः शाल घातली. दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हणालो, "डब्यातली अक्कल डब्यातच राहते. हातातली कामाला येते." लोक पोट धरून हसले. कोणाबद्दल बोलतोय ते सगळ्यांना कळलं.

यादव आला नाही. ते ठीक. पण त्याची आईही आली नाही.

१६ मे

सकाळी शाल तिच्यापुढे टाकली. म्हणालो, नवऱ्याचा मान बघवत नाही का तुला?

तेव्हा बोलली. शालीकडे बघत. "तुम्ही म्हणालात, टाइल तहानलेली हाय, पडणार. पोराला सांगायला तुम्ही तयार नाय. मग मीच त्या रातीला पिंप भरलं. सगळ्या भिजवल्या. उजाडताना काढून निथळल्या, पुसल्या, होत्या तशा ठेवल्या. तुमच्या कामाला करते तशा."

त्या केमिकलला टाइल कोरडीच लागते, हे तिला नंतर यादवकडून कळलं. ओलीला ते धरतच नाही. नमुना करताना यादव मजुरांना मोठमोठ्याने हेच सांगत होता.

टाइल्स पडल्या त्याच दिवशी त्याला कळलं होतं. तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाला होता, "आई, दादांना सांगू नको. ते तुला मरेपर्यंत बोलतील."

बोललोच असतो.